आधी वाटप नको, आधी वार ठरवा

प्रश्न थोडक्यात असा होता: "आम्ही सोसायटीतल्या बारा-तेरा बायका आहोत, काही रिटायर झालेल्या, काही घर सांभाळणाऱ्या, दोघी-तिघी नोकरी करणाऱ्या. सोसायटीच्या मागं वस्ती आहे, तिथल्या मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी काहीतरी करायचंय. जूनमध्ये वह्या-दप्तरं वाटायचं चाललंय पण पुढं काय करायचं ते कळत नाही. संस्था रजिस्टर करावी का? पैशाचं कसं?"

ताई, सविस्तर लिहिते कारण दोन ओळीत सांगण्यासारखं नाहीये. मी निम्मं आयुष्य महिला मंडळाच्या कामात काढलंय, पश्चिम महाराष्ट्रात, साखर कारखान्याच्या पट्ट्यातलं तालुक्याचं गाव. त्यामुळं माझी उदाहरणं तिकडची असतील, तुमची वस्ती वेगळी असेल, पण आया आणि मुलं यांच्या अडचणी बऱ्याचशा सारख्याच निघतात.

आधी वह्या-दप्तरांचं बोलू. वाटप करायचंच असेल तर पुढं कधीतरी करा, पण त्यानं सुरुवात करू नका. पहिल्या भेटीत तुम्ही पिशव्या घेऊन गेलात की वस्तीत तुमची ओळख तीच होते, वाटायला येणाऱ्या मॅडम, मग पुढच्या वेळी रिकाम्या हातानं गेलात की पोरं विचारतात आज काय आणलंय, आया लाइन लावतात, ज्याला मिळालं नाही त्याची भांडणं होतात, आणि तुम्हाला जे खरं कळायला हवं, म्हणजे कुणाचं पोर शाळा सोडून बसलंय, कुणाचा नवरा वारलाय, कुणाच्या मुलीचं लग्न घाईनं उरकायचं चाललंय, ते कुणी सांगतच नाही. शिवाय सरकारी शाळेत आठवीपर्यंत पुस्तकं फुकट मिळतात, दुपारचं जेवण मिळतं, गणवेशाचीही योजना आहे. मुख्याध्यापकांना न विचारता नेलेली दप्तरं बऱ्याचदा एकेका मुलाकडं तिसरी-चौथी होतात आणि ज्या पोरीला चष्मा हवा होता ती तशीच राहते.

माझं सांगणं एकच आहे, मुलांचा वर्ग सुरू करा आणि त्याचे वार ठरवा. आठवड्यातले दोन वार, तीच जागा, तीच वेळ, आणि पाऊस असो, कुणाच्या घरी पाहुणे असोत, तुमच्यातल्या कुणीतरी दोघी तिथं पोचल्याच पाहिजेत. या मुलांच्या आयुष्यात येतो म्हणून न येणारी माणसं भरपूर असतात. कामावर गेलेला बाप दोन दिवसांनी येतो, शाळेतले सर बदलून जातात, एनजीओची मुलं-मुली प्रोजेक्ट संपला की दिसत नाहीत. तुम्ही मंगळवारी पाच वाजता येणार म्हणजे येणार हे मुलांना एकदा पटलं की निम्मं काम तिथंच होतं, आणि ते पटायला चांगले सहा-आठ महिने लागतात, तोवर धीर सोडू नका. बारा-तेरा जणी आहात म्हणजे दोन वार सहज निघतात, एका वाराला चौघींची नावं, त्यातल्या दोघी आल्या तरी वर्ग चालेल असं धरा, उरलेल्या जणी कागदपत्रांचं आणि सरकारी ऑफिसचं काम बघतील. गौरी-गणपती, दिवाळी, मे महिना यात बायकांचं घरचं सुटत नाही हे आपल्याला माहीत आहे, तर ते दिवस आधीच सुट्टी म्हणून जाहीर करा, मुलांना सांगा की अमुक मंगळवारी ताया येणार नाहीत, त्यानंतरच्या मंगळवारी येणार. सांगून घेतलेल्या सुट्टीनं विश्वास जात नाही, न सांगता बुडवलेल्या एका दिवसानं जातो.

पण वार ठरवायच्याही आधी एक फेरी अंगणवाडीत मारा. आपण बायका उत्साहाच्या भरात असं धरून चालतो की वस्तीत कुणीच काही करत नाही. तिथं अंगणवाडी सेविका आहे, मदतनीस आहे, आशाताई आहे, एएनएम म्हणजे सरकारी आरोग्यकेंद्राची नर्स आहे, शाळा आहे. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी सुरू झाली, आज गावोगाव पोचली आहे, आणि तिच्यात सहा कामं आहेत, पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पुढच्या दवाखान्यात पाठवणं, तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं पूर्वप्राथमिक शिक्षण, आणि आयांना आहार-आरोग्याचं समजावून सांगणं. हे सगळं एक सेविका आणि एक मदतनीस करतात, वर मोबाईलवर पोषण ट्रॅकर नावाचं सरकारी अ‍ॅप भरायचं, रजिस्टरं लिहायची, सर्व्हे आला की सर्व्हे करायचा. अशा बाईच्या दारात तपासणी करायला आल्यासारखं गेलात की ती आखडते. तुम्ही फक्त विचारा, ताई, कुठं हात लावू? ती सांगेल. कधी म्हणेल वजनाच्या दिवशी दोघी या, पोरं धरायला माणूस नसतं. कधी म्हणेल त्या पलीकडच्या गल्लीतल्या आया येतच नाहीत, जरा बोलून बघा. आमच्याकडं तर सेविकेनंच आम्हाला वस्ती दाखवली, कुठल्या घरात आधी जायचं आणि कुठल्या घरात नुसतं पाणी पिऊन यायचं, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

ज्यांना वाटतं की आपण हॉल घेऊ आणि मुलांना तिकडं बोलावू, त्यांना मी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांचं काम सांगते. १९४५ साली बोर्डीला त्यांनी बालवाडी काढली, आदिवासी पाड्यांवरची मुलं काही तिथवर येईनात, तर या दोघींनी शाळाच पाड्यावर नेली, अंगणात, झाडाखाली, मुलं आंघोळ करून नव्हती तर आंघोळ घालण्यापासून सुरुवात. अंगणवाडी ही कल्पना तिथून आली. तुमच्या सोसायटीचा क्लबहाऊस कितीही छान असला तरी वॉचमनच्या समोरून त्या गेटमधून आत यायला वस्तीतल्या आईला अवघड वाटतं. तुम्ही तिकडं जा. समाजमंदिर असेल, शाळेचा व्हरांडा असेल, देवळाचा मंडप असेल. शाळेचा व्हरांडा सगळ्यात बरा कारण तिथं जातीची आणि पार्टीची भानगड येत नाही, फक्त मुख्याध्यापकांचं आणि शाळा व्यवस्थापन समितीचं लेखी पत्र घेऊन ठेवा.

आता वर्गात करायचं काय. होमवर्क करून घेणं एवढंच धरलंत तर महिनाभरात कंटाळाल, मुलंही कंटाळतील. आधी प्रत्येक मुलाला वाचता किती येतं ते बघा. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेची 'असर' पाहणी २००५ पासून होते, त्यात मुलाला अक्षर, शब्द, छोटा उतारा आणि गोष्ट असं चढत्या क्रमानं वाचायला देतात, पाच मिनिटांत कळतं पोर कुठं अडतंय. तशीच कागदपट्टी तुम्ही घरी करू शकता. मग गट करा ते इयत्तेचे नकोत, वाचनाचे करा, कारण पाचवीतला मुलगा शब्दावर अडलेला असतो आणि दुसरीतली मुलगी गोष्ट वाचत असते. पाचवीतल्याला लाज वाटते म्हणून त्याला त्या गटात लहानांचा मॉनिटर करा, पट्ट्या वाटायला द्या, दर वर्गाला तासभर मोठ्यानं वाचणं झालं की काही महिन्यांत तो पुढं सरकतो. आणि एक बघा, घरात बोलतात ती भाषा मराठीच असेल असं नाही. आमच्याकडं गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची भाषा, बोलणारी मुलं होती, वडारी बोलणारी होती, कन्नड बोलणारी होती, ही मुलं गप्प बसतात म्हणून बाई म्हणतात हुशार नाही. एखाद्या मोठ्या मुलीला विचारून त्यांच्या भाषेतले वीस-तीस शब्द फळ्यावर लिहा, पाणी, भाकरी, ये, बस, भूक, आई. ते पोर त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडतं, हे मी स्वतः बघितलंय आणि दर वेळी तितकाच आनंद झालाय.

खाऊ ठेवायचा का, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. ठेवा, पण बिस्किटाचे पुडे नकोत. शेंगदाणे-गूळ, राजगिऱ्याचा लाडू, केळं, उकडलेला हरभरा. घरून शिजवून आणायचं असेल तर त्याच दिवशी दुपारी केलेलं, आणि आणणाऱ्या बाईनं आधी स्वतः खाल्लेलं. हात धुतल्याशिवाय खाऊ नाही, एवढा एक नियम कडक ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि यात नवीन गट फसतात. वर्गात आठ-दहा वर्षांची मुलगी येते, कडेवर धाकटा भाऊ. तो रडतो, मध्ये शी करतो, बाकीच्यांचं लक्ष जातं, म्हणून कुणीतरी ताई म्हणते, याला घरी ठेवून ये. ती मुलगी दुसऱ्या दिवसापासून येत नाही. घरी ठेवायला घरी कुणी असतं तर तिनं कडेवर आणलाच नसता, आई धुण्याभांड्याला गेलेली असते, नाहीतर शेतात. म्हणून आम्ही पहिल्यापासून एक सतरंजी लहानांची ठेवतो, चार भांडी, चेंडू, जुन्या साड्यांच्या बाहुल्या, आणि एक बाई फक्त त्यांच्याकडं. बहिणींची शाळा सुटू नये म्हणून धाकट्यांना सांभाळायचं, असं सरळ गणित आहे. तुमच्या बारा जणींत कुणी म्हणत असेल मला शिकवता येत नाही, तर ही सतरंजी तिची. गटातलं सगळ्यात मोलाचं काम तीच करेल.

मुलांच्या मागून मग घर कळायला लागतं आणि तिथं खरी मदत लागते ती कागदाची. पैसे देऊन जे होत नाही ते एका फॉर्मनं होतं. एक योजना तर तुमच्यातल्या प्रत्येकीला पाठ पाहिजे, बालसंगोपन योजना, आता तिचं नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आई किंवा बाप, किंवा दोघं वारलेत, किंवा घरची परिस्थिती अशी आहे की मूल सांभाळता येत नाही, अशा अठरा वर्षांच्या आतल्या मुलासाठी महिन्याला २२५० रुपये मिळतात, एका मुलामागं. आधी ही रक्कम ११०० होती, २०२३ मध्ये वाढली. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसला, मंजुरी बालकल्याण समितीची. मृत्यूचा दाखला, आधार, रेशनकार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँक पासबुकाची झेरॉक्स, फोटो, असं सगळं गोळा करायचं. एकल आईला हे एकटीनं जमत नाही, तिचा एका दिवसाचा रोजगार जातो, ऑफिसात म्हणतात एक कागद कमी आहे, ती पुन्हा येत नाही. तुमच्यातली एक जण सोबत गेली, यादी आधी तपासून नेली, तर एका फेरीत काम होतं. आणि तिला आधीच सांगून ठेवा की पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतीलच असं नाही, कधी तीन-चार महिन्यांचे एकदम येतात, तोवर धीर धरायचा आणि पासबुक भरून घेत राहायचं. अर्जाला फी नाही. कुणी एजंट हजार-दोन हजार मागत असेल तर त्याला मधून काढणं हेही तुमचंच काम.

विधवा आईला स्वतःला संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला १५०० मिळू शकतात, उत्पन्नाची अट आहे, तलाठ्याकडं विचारा. रेशनकार्ड दुसऱ्या जिल्ह्यातलं असलं तरी आधार जोडलेलं असेल तर धान्य इथल्या दुकानातून मिळतं, हे दुकानदार आपणहून सांगत नाहीत. शाळेत घ्यायला नकार देत असतील, जन्मदाखला नाही म्हणून, टीसी नाही म्हणून, तर शिक्षण हक्क कायदा (२००९) सांगा, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, कलम १४, आणि वयाप्रमाणं योग्य त्या वर्गात बसवायचं, कलम ४. हे भांडून सांगायची गरज पडत नाही, दोन बायका शांतपणे खुर्चीत बसून राहिल्या की बहुतेक वेळा होतं.

आमच्या पट्ट्यातली वेगळी गोष्ट म्हणजे ऊसतोड. तुमच्याकडं ती नसेल पण बांधकामाची साइट असेल, वीटभट्टी असेल, चित्र तेच. दिवाळीच्या सुमारास टोळ्या येतात, अहिल्यानगरच्या, बीडच्या, मराठवाड्यातल्या बाकीच्या जिल्ह्यांतल्या. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, कारखान्याच्या मोकळ्या जागेत नाहीतर रानाच्या कडेला पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या. बाई पहाटे तीन-चारला उठून भाकऱ्या थापून फडात जाते, अंधार पडल्यावर येते. त्या कोप्यांत दिवसभर मुलंच असतात आणि त्यांची आई म्हणजे कुणीतरी नऊ-दहा वर्षांची मुलगी. इथं संध्याकाळी पाचचा वर्ग चालत नाही कारण त्या वेळी ती चूल पेटवत असते. इथं वर्ग सकाळी अकराला. ही मुलं मार्च-एप्रिलला परत जाणार, म्हणून त्यांच्याकडं शिक्षण हमी कार्ड आहे का ते आधी विचारायचं, नसेल तर जवळच्या झेडपी शाळेच्या मुख्याध्यापकांकडून करून घ्यायचं म्हणजे गावाकडच्या शाळेत त्यांचं नाव पुढं चालू राहतं. बाळांचं माता-बाल संरक्षण कार्ड गावाकडंच राहिलेलं असतं, लस चुकलेली असते, तर एएनएमला सांगा, लस कुठल्याही सरकारी केंद्रात मिळते, गाव बदललं म्हणून थांबत नाही. अंगणवाडीचा आहारही या बाळांना मिळायला हवा, नाव नोंदवायला सेविकेकडं जावं लागतं एवढंच.

लहान बाळं असतील तर दंडाच्या घेराची पट्टी वापरायला शिका, आशाताई शिकवेल. सहा महिने ते पाच वर्षं या वयात दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषण, साडेअकरा ते साडेबारा म्हणजे मध्यम. तुम्ही उपचार करायचे नाहीत, प्रोटीन पावडरचे डबे द्यायचे नाहीत. तुम्ही त्या बाळाला आईसकट प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन पोचवायचं आणि गरज लागली तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती होईपर्यंत मागं लागायचं. आई म्हणते मी भरती झाले तर कोयता मोडतो, मुकादम पैसे कापतो. तिचं म्हणणं खरं असतं. तिथं टोळीतल्या दुसऱ्या बाईशी, मुकादमाशी, कारखान्याच्या शेती ऑफिसातल्या माणसाशी बोलायला चार जणींनी एकत्र गेलं की मार्ग निघतो, एकटीचं कुणी ऐकत नाही. बायकांच्या गटाचा मला दिसलेला सगळ्यात मोठा उपयोग हा, चार साध्या घरातल्या बायका एकत्र दारात उभ्या राहिल्या की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं.

आता सुरक्षेचं, आणि यात मी कुणाचंही ऐकून घेत नाही. वर्गात कायम दोन मोठी माणसं. एकट्या ताईनं, एकट्या काकांनी, कुणाच्या ओळखीच्या एकट्या इंजिनिअर मुलानं एका मुलाला बाजूला नेऊन बसायचं नाही, माणूस कितीही चांगला असो. मुलांना गाडीवरून घरी सोडायचं नाही. मुलं जवळीक झाली की काहीबाही सांगतात आणि कधीतरी असं सांगतात की ऐकून आपले हातपाय गळतात. पोक्सो कायदा (२०१२) कलम १९ प्रमाणं मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर कुणीही असो, पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. घरच्यांशी बोलून मिटवू, बदनामी होईल, हे आपण ठरवायचं नाही. मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारायचं नाही, जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं, वेळ-तारीख घालायची. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, मुलांकडून पाठ करून घ्या, फुकट लागतो, दिवसरात्र.

मुलीचं लग्न अठराच्या आत ठरतंय असं कळलं तर गावात ग्रामसेवक आणि शहरात बालविकास प्रकल्प अधिकारी हे बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतात, त्यांच्याकडं जा किंवा १०९८ ला फोन करा. लग्नाच्या दिवशी मांडवात जाऊन तमाशा करण्यापेक्षा महिनाभर आधी आईशी बसून बोलणं जास्त कामाचं, कारण बहुतेक आया भीतीनं लग्न लावतात, आम्ही कामावर गेल्यावर पोरीकडं बघणार कोण ही भीती. मुलीला दहावीपर्यंत वसतिगृहात जागा मिळवून दिलीत की निम्मी लग्नं तिथंच थांबतात, हा माझा अनुभव आहे.

फोटोंचं पण सांगते कारण यावरून गटात भांडणं होतात. खाऊ घेताना हात पुढं केलेल्या मुलाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. ते मूल उद्या तुमच्याच सोसायटीत पेपर टाकायला येणार आहे, त्याची आई तुमच्याच बिल्डिंगमध्ये कामाला आहे. देणगीदारांना दाखवायला फळ्याचा फोटो, चपलांच्या रांगेचा फोटो, मुलांनी काढलेल्या चित्रांचा फोटो पुरतो. ज्या मुलावर अत्याचार झालाय किंवा जे बालकल्याण समितीपुढं गेलंय त्याची ओळख उघड करायला तर कायद्यानंच बंदी आहे.

गटाच्या आतलं थोडं. पहिल्या वर्षात अध्यक्ष-सचिव वगैरे करू नका, दर महिन्याला एकीनं मीटिंग चालवायची, एकीनं वही लिहायची, फिरतं ठेवा. पुढं पदं आलीच तर दोन वर्षांनी बदलायची हे आधीच लिहून ठेवा. वस्तीतल्या निदान तीन-चार आया वर्षभराच्या आत गटात आल्या पाहिजेत, मदतनीस म्हणून नव्हे, निर्णयाला. त्यांच्यापुढं ठराव मांडलात की पुष्कळ गोष्टी सरळ होतात. आम्ही एकदा दुपारी दोनला आयांची मीटिंग ठेवायला निघालो होतो, तिथल्याच एकीनं सांगितलं, दोनला पाणी येतं, एकही बाई येणार नाही.

आणि हळदीकुंकू. संक्रांत ते रथसप्तमी आपल्याकडं बायका जमवायचा याच्याइतका सोपा मोका नाही, जरूर करा, वस्तीतच करा. पण ज्या एकल आयांसाठी तुम्ही बालसंगोपनचे फॉर्म भरताय त्यांनाच हळदीकुंकवाला वगळलंत तर तुमच्या कामाला काही अर्थ राहत नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तोही आमच्याच भागातला, त्यानंतर हे बोलणं पुष्कळ सोपं झालंय. पहिलं कुंकू त्यांना लावा, न बोलता. वाण म्हणून प्लास्टिकचे डबे नकोत, मुलांच्या गोष्टीचं एकेक पुस्तक द्या, घराघरात पुस्तक जातं.

आता तुमचा रजिस्ट्रेशनचा प्रश्न. पहिलं वर्ष करू नका असं माझं मत. आपापसात महिन्याला दोनशे-तीनशे काढा, खाऊ, खडू, झेरॉक्स, रिक्षा एवढ्यात भागतं. बाहेरच्यांकडून देणग्या मागू नका, कुणी आग्रहानं देत असेल तर वस्तू घ्या आणि वहीत नोंद करा. वर्ष टिकलात तर मग नोंदणी. किमान सात जणी लागतात, संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० या दोन्हीखाली धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात होते. नियमावली नेटवरून कुणाची तरी जशीच्या तशी उचलू नका, त्यात नसती कलमं येतात आणि पुढं त्यावरून कोर्टकचेऱ्या होतात. नोंदणी झाली की दरवर्षी हिशोब सादर करायचे, विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा. हे न केल्यानं कितीतरी चांगली महिला मंडळं कागदावर अडकून पडलीत, जुन्या अध्यक्षबाई वारल्या तरी बँकेत सही त्यांचीच. देणगीवर करसवलत मिळवून देणारं ऐंशी-जीचं सर्टिफिकेट देणगीदार मागायला लागले की मग सीएकडं जा, आधी घाई नको. बँकेत दोन सह्या, त्या दोघी एकाच घरातल्या नकोत.

तुमच्यापैकी कुणाची मुलं अमेरिकेत-लंडनला असणारच आणि ती म्हणतील आम्ही पैसे पाठवतो. त्यांच्याकडं भारतीय पासपोर्ट असेल आणि बँकेतून पाठवत असतील तर चालतं. पण तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी, ते पैसे विदेशी देणगी धरले जातात आणि एफसीआरए (२०१०) या विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना घेता येत नाहीत. प्रेमानं पाठवलेल्या पैशावरून संस्था अडचणीत येते, त्यामुळं पहिल्याच मीटिंगमध्ये हे सगळ्यांना सांगून टाका.

तर तुमचा पहिला महिना असा लावा. या आठवड्यात तिघी अंगणवाडीत जाऊन या, पुढच्या आठवड्यात शाळेत. मग दोघी-दोघींनी वस्तीतली तीस-चाळीस घरं फिरा, फॉर्म घेऊन नको, वही पिशवीत ठेवा, बाहेर आल्यावर लिहा. वहीत रकाने एवढेच करा, घरात मुलं किती आणि वयं काय, शाळेत कोण जातं, आई कामाला किती वाजता जाते आणि कधी येते, आई-बाप दोघं आहेत का, जन्मदाखला, आधार आणि रेशनकार्ड आहे का, कुणी आजारी किंवा अपंग आहे का. ही वही एकीच्याच घरी कुलपात राहू दे, तिचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. चौथ्या आठवड्यात सगळ्या जणी बसून ती वाचा, आया घरी कधी असतात आणि पोरं मोकळी कधी असतात ते त्यातच दिसेल, त्यावरून वार आणि वेळ ठरवा. बालसंगोपनात बसणारी घरं निघाली तर त्यांचे कागद त्याच आठवड्यात गोळा करायला घ्या, कारण उत्पन्नाच्या दाखल्यालाच सगळ्यात जास्त दिवस जातात.